फरशीवरचा दुसरा माणूस

फरशी बसवून झाली की लोक मिस्त्रीचं नाव विचारतात. माल कुणी कालवला, फरशी कुणी उचलून दिली, लेव्हलच्या पाइपचं दुसरं टोक धरून भिंतीशी कोण उभं होतं, हे विचारत नाहीत. मी आधी कित्येक वर्षं ते दुसरं टोक धरलं, मग मिस्त्री झालो. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेडराजा आणि घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूर अशी दोन्हीकडं माझी कामं झाली. आज माझ्या वयाचे मिस्त्री गुडघे धरून बसलेत आणि नवी पोरं एकेकटी काम करतात. ही चाल अलीकडची आहे. आमच्या भागात जमीन मातीची असो की दगडाची, ती करायला कमीत कमी दोन माणसं लागतात हे सगळे धरूनच चालत. ते कसं मोडलं आणि त्यात कुणाचं काय गेलं, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

माझ्या लहानपणी गावात फरशी असायची ती पाटलाच्या वाड्यात. बाकी सगळ्यांची भुई. वर धाबं, बाजूला पांढऱ्या मातीच्या भिंती आणि पायाखाली चोपलेली जमीन. सारवण घरची बाई एकटी करायची. शेणाचा बोळा, पाणी आणि दोन हात एवढ्यात ते व्हायचं. पण नवी भुई घालायची म्हटली की गल्लीतल्या बाया जमायच्या. आधी मुरूम पसरायचा, पाणी मारून मुरू द्यायचा, धुम्मसानं ठोकायचा. त्यावर माती, शेण आणि भुसा कालवून केलेला थर. हा थर पुरता ओलाही नको आणि वाळलेलाही नको, अशा बेताला लाकडी चोपणीनं बडवावा लागतो. ओल्यात बडवला तर चिकटतो, उशीर झाला तर भेगा पडतात. एका बाईनं एक कोपरा करेपर्यंत दुसरा कोपरा वाळून जायचा, म्हणून चार-पाच जणी ओळीनं बसून, बडवत बडवत मागे सरकत दाराशी येत. कुणी कुणाला मजुरी देत नव्हतं. आज तिच्या घरी, पुढच्या महिन्यात हिच्या घरी, अशी ती सावड होती. आमच्या धंद्यातली पहिली टोळी बायांची होती, असं मी मानतो.

जमिनीखाली काय आहे याला आमच्या जिल्ह्यात फार महत्त्व. घाटावर थोडं खणलं की मुरूम लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा बराच पट्टा खारपाणाचा. जमिनीतलं खारं पाणी ओलीबरोबर वर चढतं आणि फरशीच्या सांध्यांतून पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, बाहेर येते. तिथं जोत्यातली काळी माती काढून चांगला जाड मुरूम भरला नाही, थराथरानं पाणी मारून ठोकला नाही, तर वरची फरशी कितीही महागाची असो, दोन-तीन पावसाळ्यांत डुगडुगायला लागते. भराव ठोकणं हे एकट्याचं काम नव्हे. एक पाणी मारतो, एक ठोकतो, आणि हात भरून आले की अदलाबदल करतात. आजकाल फरशी उखडली म्हणून जी बोलावणी येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी खाली पहार घातली की मोकळी माती निघते. ठोकायला दुसरा माणूस ठेवलेलाच नसतो.

दगडाच्या जमिनी आमच्याकडं जुन्या आहेत. लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात जा, सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या वाड्यात आणि त्यांच्या समाधीपाशी जा. याच गावात १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, म्हणून १२ जानेवारीला तिथं मुंगीला शिरायला वाट नसते. मी मात्र गर्दी नसताना जातो आणि खाली बघतो. २०२४ साली पुरातत्त्व खात्याचं काम समाधीच्या आवारात चालू होतं तेव्हा काही दगड लागले, त्यावरून आणखी खणत गेल्यावर जुन्या शिवमंदिराचा पाया उघडा पडला आणि त्याच कामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. लोक मूर्ती बघायला गेले. मला त्या पायाच्या दगडांचं अप्रूप वाटलं. काळ्या दगडाची तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि सहा इंच जाड लादी अडीचशे किलोच्या घरात जाते. ती पहारीनं उचकायची, खाली लाकडी ओंडके सरकवायचे, ढकलत न्यायची आणि जागेवर आणून अलगद बसवायची. असं काम टोळीचं असतं, आणि टोळीत एकजण फक्त ओरडून सांगायला लागतो. पाथरवट, बेलदार, वडार यांची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं या कामावर असत. बाप्या दगड घडवी, बाई कपच्या उचली, पोरगं छिन्न्या शेकायला भात्याशी.

मग रेल्वे आली. भुसावळहून नागपूरकडं जाणारी लाइन आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून गेली आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. तो आणला कापसासाठी. पण गाडी भरून कापूस जाऊ लागला तसा बाहेरचा मालही दारात येऊ लागला. मुंबईहून रायचूरला जाणारा मार्ग १८७१ मध्ये पुरा झाला, त्या वाटेवर गुलबर्ग्याजवळ शहाबाद आहे. तिथला चुनखडीचा दगड खाणीतच पापुद्र्यापापुद्र्यानं निघतो, त्याला घडवावं कमी लागतं. शाळा, दवाखाना, कचेरी, धर्मशाळा, व्यापाऱ्याची पेढी, सगळीकडं हीच राखी-निळसर शहाबादी गेली. माझं शिकणं शहाबादीवरच झालं. खामगावला माझे मामा मिस्त्री होते. ऐंशीच्या सुमारास मी त्यांच्या हाताखाली लागलो.

दोन फूट बाय दोन फूट, सव्वा इंच जाडीची शहाबादी साधारण तीस किलो भरते. खाली मालाचा थर पसरायचा, त्यावर फरशी नुसती ठेवून बघायची, मोगरीनं ठोकायची, मग परत उचलायची. मालावर कुठं दबली, कुठं पोकळी राहिली ते दिसतं. तिथं माल भरायचा, सिमेंटचं दाट पाणी ओतायचं आणि फरशी पुन्हा त्याच जागी ठेवायची. म्हणजे एकेक फरशी दोन-दोन वेळा उचलायची, तीही ओणवं होऊन, शेजारच्या बसवलेल्या फरशीला धक्का न लावता. समोरासमोर दोघं असले की हे सरळ होतं. मामा त्यांच्या कडेनं, मी माझ्या कडेनं. ते नुसतं ‘हं’ म्हणायचे. एकटा माणूस ही फरशी आधी एका कडेवर टेकवतो आणि मग सोडतो. त्या कडेखालचा माल दबतो, दुसऱ्या बाजूला पोकळ राहतं. वर्षभरानं त्यावर पाटा-वरवंटा ठेवला की कोपरा तुटतो. जुन्या घरात तुटलेली शहाबादी पाहिली की मी थापीच्या दांड्यानं आजूबाजूच्या फरश्या वाजवून बघतो. पोकळ फरशीचा आवाज निराळा येतो, हे मामांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

त्याहून मोठं शिक्षण होतं पाणसळीचं. पारदर्शक प्लॅस्टिकची बोटभर जाड नळी पाण्यानं भरायची, आतला बुडबुडा न्‌ बुडबुडा काढायचा. एक टोक मिस्त्रीच्या हाती, दुसरं हेल्परच्या. मामा पहिल्या कोपऱ्यात कोळशाच्या खुणेशी नळी धरून उभे राहत, मी सगळ्या खोल्या फिरून भिंती-भिंतीवर पाणी स्थिर होऊ देई. ‘खाली घे... थांब... मार खूण.’ पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला येतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण दोन माणसांशिवाय ते कामाला लागत नाही. खुणा मारता मारता पोराला सगळं घर कळायचं. कुठली खोली खाली आहे, उंबरा किती उचलायचा, न्हाणीचा उतार कुठून कुठं न्यायचा. न्हाणीत दहा फुटाला इंच-दीड इंच उतार लागतो, हे मला कुणी फळ्यावर लिहून दिलं नाही. नळी धरून उभं राहिल्यानं ते आलं.

हेल्परची चढण ठरलेली असायची. आधी रेती चाळणं आणि घमेलं वाहणं. मग माल कालवणं. तेव्हा सिमेंट सहज मिळत नव्हतं, परमिट लागायचं. १९८२ साली सरकारनं सिमेंट अर्धं मोकळं केलं आणि १९८९ मध्ये पुरतं. तोवर पन्नास किलोच्या गोणीतलं ओंजळभर सिमेंट सांडलं तरी मामा कान धरत. सिमेंट पाणी लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात धरायला लागतं, म्हणून मिस्त्रीचा हात किती चालतो ते बघून हेल्परनं तेवढाच माल कालवायचा. त्यानंतर दर्जा भरणं, मग भिंतीकडेची पट्टी, मग दारामागचा कोपरा, जिथं चूक झाकली जाते. पुढं एखादी न्हाणी, आणि शेवटी बैठकीची खोली. हे सगळं पार करून आलेल्या माणसाला मिस्त्री म्हणत.

या चढणीवर बायांना मात्र पहिल्याच पायरीवर थांबवलं गेलं. आमच्याकडं बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. सकाळी मजुरांच्या ठिय्यावर त्या डबा आणि घमेलं घेऊन उभ्या असत, आजही असतात. मामांच्या कामावर एक मावशी होत्या. मालात पाणी किती हवं ते त्या फावडं फिरवतानाच ओळखत. मिस्त्रीनं फरशी बसवली आणि त्या दारातून नुसतं तिरपं बघून म्हणाल्या, ‘मिस्त्री, तिसरी दबली,’ की दोरी लावल्यावर तिसरीच दबलेली निघायची. अशी नजर असलेली बाई हयातभर रेती चाळत राहिली, कारण थापी तिच्या हातात द्यायची कुणाला सुचलं नाही. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालचा. पण बाजाराच्या दिवशी चुकारा व्हायचा तेव्हा बाप्या हेल्परचा रोज वेगळा आणि रेजाचा त्याहून कमी, हे मी सगळ्या ठेकेदारांकडं पाहिलं. आमच्या जिल्ह्यातल्या फरश्यांचं अर्धं श्रेय या बायांचं आहे. भुई चोपणाऱ्या बायांच्या हातातून हा धंदा पुरुषांच्या हाती आला आणि बायांकडं घमेलं उरलं, याचं मला वाईट वाटतं.

सिमेंट मोकळं झाल्यावर मोझॅकचं पीक आलं. मुंबईत भारत टाइल्सनं १९२२ पासून सिमेंटच्या रंगीत फरश्या केल्या होत्या, पण आमच्या तालुक्याच्या गावांत दर घरी मोझॅक दिसायला लागली ती ऐंशी-नव्वदच्या दशकात. टाइल दहा इंची, हलकी, एका हातात मावणारी. बसवायला एकटा पुरे. पण नंतरची घासाई दोघांचीच. मशीनचा दगड फरशीवर फिरतो, खाली सतत पाणी, आणि त्याच पाण्यातून विजेची वायर ओढली जाते. मशीनवाला मागे मागे येतो, त्याला पाठीमागचं दिसत नाही. वायर उचलून धरणारा, राड लोटणारा आणि वेळ आली तर बटण बंद करणारा माणूस त्या खोलीत पाहिजेच. कोटा फरशीचंही तेच. वायरीकडं बघायला कुणी नव्हतं म्हणून झटका बसल्याच्या गोष्टी आमच्या ठिय्यावर प्रत्येकाला ठाऊक आहेत.

नंतर मोरबीहून टाइलांचे ट्रक यायला लागले आणि घासाईच संपली. विट्रिफाइड टाइल गुळगुळीत होऊनच येते. आधी दोन बाय दोनची, सात-साडेसात किलोची. चार टाइलांचा बॉक्स तीसेक किलोचा. एकट्याला झेपण्यासारखी. मग लेझर आलं. तिकाटण्यावर डबी ठेवली की चारी भिंतींवर हिरवी रेघ उमटते. मी स्वतः ते वापरतो आणि चांगलं यंत्र आहे असंच म्हणेन. नळीचा बुडबुडा शोधण्यात जाणारा वेळ वाचला. काच उचलतात तसले रबरी चूषक आले, टाइल सारख्या करायच्या प्लॅस्टिकच्या चिपा आल्या, पोत्यातलं चिकट मिश्रण आलं. दुसऱ्या माणसाचं एकेक काम एकेका वस्तूनं घेतलं.

तरी वस्तूंमुळं माणूस गेला असं मला वाटत नाही. माणूस गेला तो भावामुळं. आमच्या वेळी काम रोजानं होतं. मिस्त्रीची हजेरी वेगळी, हेल्परची वेगळी, दोन्ही घरमालकाच्या वहीत लिहिलेल्या. नंतर काम फुटावर गेलं. चौरस फुटाला अमुक, बाकी मिस्त्री बघून घेईल. आता हेल्परचा रोज मिस्त्रीच्याच फुटातून जातो. भाव ताणला की मिस्त्री आधी हेल्पर कमी करतो. पहाटे स्वतः रेती चाळतो, माल कालवतो, बॉक्स वर चढवतो, कापतो, बसवतो, पुसतो. आणि आता टाइल परत मोठी झाली आहे. चार बाय दोनची पंधरा किलोच्या आसपास, आठशे बाय सोळाशेची पंचवीस किलोच्या वर. म्हणजे शहाबादीच्या वजनाला आपण पुन्हा पोचलो आणि समोरची कड धरायला कुणी नाही.

एकट्यानं करण्याजोगी कामं आहेत, ती नाकारत नाही. लहान संडास-बाथरूम, जिथं दोन माणसं मावतच नाहीत, भिंतीकडेची पट्टी, तुटलेल्या दोन-चार फरश्या बदलणं, दर्जा भरणं. घरकुलात तर घरधनी आणि त्याची बायको मिळून कोबा करून घेतात. पंचवीस चौरस मीटरचं घर आणि बेताचं सरकारी अनुदान, त्यात मिस्त्री कुठून बसवणार? बारीक कामात एकटा माणूस जास्त एकाग्र असतो, हेही खरं. पण बैठकीची खोली, मंदिराचा सभामंडप, शाळेचा वर्ग, शेगावला यात्रेकरूंसाठी उठणाऱ्या लॉजचे लांबच्या लांब व्हरांडे, ही एकट्याची कामं नव्हेत. तिथं एकटा माणूस दिवसभर उठबस करतो आणि चाळिशीत त्याचे गुडघे जातात.

सगळ्यात जास्त मला सलतं ते कटरचं. विट्रिफाइड टाइलच्या मातीत सिलिका असते. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ खाली बसते. ही धार कोण सोडायचं? हेल्पर. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तो पाणी सोडत राहायचा. एकट्याचे दोन्ही हात टाइल आणि मशीनमध्ये गुंतलेले, मग तो कोरडं कापतो. बंद खोलीत पांढरा धुरळा उठतो, नाकाला रुमाल बांधला तरी छातीत उतरतो. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. फुप्फुस एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही.

आणि शिकणं थांबलं. एकट्या मिस्त्रीच्या मागं कुणी शिकत नाही. पोरं मोबाइलवर बघून टाइल चिकटवायला शिकतात, पण खालचा भराव, खारपाणाचा लोणा, न्हाणीचा उतार त्यांना कोण दाखवणार? माझा भाचा पुण्याला सिव्हिल इंजिनिअर आहे. त्यानं मला जर्मनीची हकिकत सांगितली. तिथं फरशीचा धंदा उघडायला उस्तादाची परीक्षा पास व्हावी लागायची. २००४ साली ती अट काढली. एकेकट्यांचे धंदे भराभर वाढले, शिकाऊ पोरं ठेवणारे कमी झाले, आणि २०२० मध्ये सरकारला अट परत आणावी लागली. तिथं निदान कुणी मोजदाद ठेवली.

आपल्याकडं बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ साली झाला. त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल तिन्ही प्रकारचे कामगार धरले. म्हणजे रेजा आणि हेल्पर मिस्त्रीइतकेच त्यात बसले. अठरा ते साठ वयाच्या माणसानं मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणला की कल्याणकारी मंडळात नोंद होते, पोरांच्या शिक्षणाला आणि आजारपणाला मदत मिळते. दाखल्यापाशीच गाडी अडते. मिस्त्रीचं नाव ठेकेदाराला ठाऊक असतं, रेजाचं नसतं.

म्हणून घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे. फुटाचा भाव ठरवताना मिस्त्रीला तोंडावर विचारा, यात दुसऱ्या माणसाची हजेरी धरली आहे का? नसेल तर ती वेगळी द्या, आणि बाई असेल तर बाप्याइतकीच द्या. कापताना पाणी सोडलं जातंय का ते उभं राहून बघा. हाताखालच्या पोराला किंवा बाईला एखादी न्हाणी बसवू द्यायला मिस्त्री तयार असेल तर आडकाठी करू नका. आणि काम संपल्यावर त्यांच्यापैकी कुणी दाखल्यासाठी दारात आलं तर तुमच्या घरी केलेल्या कामाचे दिवस कागदावर लिहून, नावासकट, सही करून द्या.